पोरांचं रोजचं कौतुक : सांगलीकर पालकांचे नेहमीचे प्रश्न

मिरज आणि पलूस तालुक्यांतल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत माझी नोकरी झाली. पालकसभेत विचारले जाणारे प्रश्न ठरलेले असतात: गणवेश कधी मिळणार, पोषण आहारात आज काय होतं, शाळेचं छत गळतंय त्याचं काय. सभा संपते, सतरंजी गुंडाळली जाते, आणि मग दाराशी रेंगाळणारे दोन-तीन पालक खरे प्रश्न विचारतात. त्यातले बरेच एकाच गोष्टीभोवती फिरतात. पोराचं कौतुक वाटतंय, पण ते दाखवायचं कसं, किती, कुणापुढे? ते प्रश्न इथे एकत्र केलेत. उत्तरं माझी आहेत. जिथे कुणी अभ्यास करून काही शोधलंय, तिथे तसं सांगितलंय. सगळं क्रमाने वाचायलाच हवं असं नाही.

तोंडावर कौतुक केलं की पोरं शेफारतात, असं आमच्या घरात म्हणतात. खरं आहे का?

ही आपल्याकडची फार जुनी भीती. तिच्यापायी एक विचित्रच रीत पडलीय. वडील मुलाचं कौतुक पारावर करतात, डेअरीत दूध घालायला गेले की करतात, पै-पाहुण्यांना फोनवर करतात. ज्याचं कौतुक आहे त्याच्या कानावर तेवढं ते जात नाही. घरात त्याला मिळतं, "हं, बरंय. फुडल्या बारीला अजून बघ." आपल्या वडिलांना आपला अभिमान आहे हे चुलत्याकडून किंवा वडिलांच्या मित्राकडून कळलेली कितीतरी पोरं मला माहीत आहेत. काहींना ते कळेपर्यंत मिसरूड फुटलेलं होतं.

पोरं शेफारतात ती वेगळ्या कारणांनी. जे केलंच नाही त्याचं कौतुक झालं की शेफारतात. चुकल्यावर कुणी काही बोललंच नाही की शेफारतात. वर्गात दुसऱ्याला ढकलून आलेल्या मुलाच्या आईने "आमचा तसा नाहीच हो" म्हणायचं, यात शेफारायला भरपूर वाव आहे. पहिलीतल्या पोराने बुटाची लेस स्वतः बांधली आणि तुम्ही म्हणालात, "बांधलीस की रे! दोन्ही फासे सारखे आलेत," तर त्यात काय शेफारणार? जे घडलं तेच तुम्ही मोठ्याने सांगितलंत.

मग बोलायचं काय? शाबास म्हटलं की झालं ना?

शाबास चांगलाच शब्द आहे, पाठीवर थाप असेल तर आणखी चांगला. पण मोबाईलमधून मान वर न करता दिवसातून दहा वेळा म्हटलेलं शाबास पोरांना बरोबर ओळखू येतं. तुम्ही बघितलंच नाही, हे त्यांना कळतं.

त्यापेक्षा काय दिसलं ते सांगा. पावसाळ्यात सांगलीत घराघरांत एकच प्रश्न असतो, "आज किती फूट?" आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. २०१९ चा आणि २०२१ चा पूर पाहिलेल्या घरांत हे आकडे पोरांनाही पाठ असतात. तिसरीतली एक मुलगी रोजची पातळी वहीत लिहायला लागली. कुणी सांगितलं नव्हतं. शेजारच्या रकान्यात धोक्याला किती फूट उरलेत तेही लिहायची, म्हणजे रोजची एक वजाबाकी. तिची आई मला विचारत होती, "बाई, हे अभ्यासात धरायचं का?"

धरायचं तर काय! पण त्या पोरीला "किती गं हुशार माझी बाय" म्हणण्यापेक्षा "रोज न चुकता लिहितेस. काल पाणी दोन फुटांनी उतरलं ते मला तुझ्या वहीतनं कळलं" हे वाक्य जास्त उपयोगाचं. हुशार म्हटलं की तिचा निकालच लागला. दुसऱ्या वाक्यात तिने केलेलं काम आहे, आणि ते काम ती उद्या पुन्हा करू शकते. शिवाय आपली वही आईच्या उपयोगी पडली, हेही तिला कळतं. लहान मुलांना याचं फार अप्रूप असतं.

म्हणजे "हुशार" म्हणायचंच नाही?

तोंडातून निघून गेलं तर काही आभाळ कोसळत नाही. पण याबद्दल एक प्रसिद्ध अभ्यास आहे तो माहीत असू द्या. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक या अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी तो १९९८ साली प्रसिद्ध केला. पाचवीच्या वयाच्या मुलांना त्यांनी कोडी सोडवायला दिली. नंतर काहींना "तू हुशार आहेस" म्हटलं, काहींना "तू मेहनत घेतलीस" म्हटलं. पुढचं काम निवडायला सांगितल्यावर हुशार म्हटलेल्या मुलांचा ओढा सोप्या, हमखास जमणाऱ्या कामाकडे होता. मेहनत घेतलीस म्हटलेल्यांनी शिकायला मिळेल असं काम निवडलं. मग सगळ्यांना मुद्दाम अवघड कोडी दिली. त्यात आपटल्यावर हुशार म्हटलेली मुलं नंतरच्या सोप्या कोड्यांतही मागे पडली. आणि आपले गुण दुसऱ्यांना सांगताना फुगवून सांगणारीही त्यांच्यातच जास्त निघाली.

मला या शेवटच्या गोष्टीचं नवल वाटलं नाही. ज्या घरात हुशार असणं हीच मुलाची ओळख होऊन बसते, त्या घरातली पोरं पेपर लपवतात.

मात्र "मेहनत केलीस" हेही पोपटासारखं म्हणू नका. न केलेल्या मेहनतीचं कौतुक ऐकून पोरगं मनातल्या मनात हसतं.

मार्क सोडून नेमकं बघायचं तरी कशाकडे?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण विचारणारा निम्मं उत्तर घेऊनच आलेला असतो. पलूस-तासगावकडच्या बागायतदारांना मी म्हणते, ऑक्टोबरची छाटणी झाली की तुम्ही रोज बागेत जाता, कुठल्या ओळीत घड मागे आहेत, कुठे मणी फुगायला लागलेत ते न बघता सांगता. पोराकडे तसं बघा.

काय काय दिसेल? मिरजेहून सांगलीला एसटीने पहिल्यांदा एकटा गेला आणि उतरल्यावर आठवणीने फोन केला. गणपती पेठेत किराण्याची यादी घेऊन गेली, शेंगदाणे महाग वाटले म्हणून अर्धा किलोच आणले आणि उरलेले पैसे हिशेबासकट आईच्या हातात दिले. विहिरीत पोहायला शिकताना पाठीला बांधलेला डबा पहिल्यांदा सोडला. वर्गात न समजलेलं पुन्हा विचारायला हात वर केला. (हे शेवटचं तुम्हाला दिसणार नाही, पण शिक्षकांना विचारलंत तर सांगतील. कुणी विचारत नाही.) भांडण झाल्यावर दुसऱ्या दिवशी आपणहून त्याच मित्राशेजारी जाऊन बसला. आजीच्या गोळ्या सकाळची कुठली, रात्रीची कुठली हे लक्षात ठेवलं. आवडीची भाजी नसतानाही डबा संपवून आणला. खोटं बोलला होता, आणि रात्री झोपताना स्वतःच सांगितलं.

यातलं शेवटचं सगळ्यात मोठं, आणि नेमका तिथेच पोरांना मार बसतो. खोटं बोलल्याबद्दल जे बोलायचं ते बोला. पण आधी "सांगितलंस ते बरं केलंस" म्हणा. नाहीतर पुढच्या वेळी कोण सांगणार?

निकालाच्या दिवशी काय बोलावं?

आपल्याकडे १ मे म्हणजे झेंडावंदन आणि निकाल. प्रगतिपत्रक हातात पडलं की पालकांची नजर थेट श्रेणीवर जाते, अ-१ की अ-२. ९१ गुणांपासून अ-१, ८१ ते ९० अ-२. म्हणजे ९० आणि ९१ मध्ये एका गुणाचा फरक, आणि घरात मात्र सुतक.

त्याच प्रगतिपत्रकात वर्णनात्मक नोंदी असतात: विशेष प्रगती, आवड-छंद, सुधारणा आवश्यक. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन २०१० मध्ये आलं, तेव्हापासून शिक्षक या नोंदी लिहितायत. काही शिक्षक एकच वाक्य चाळीस जणांना लिहितात, तेही मला माहीत आहे. पण बरेच जण विचार करून लिहितात. "गटात इतरांना समजावून सांगतो." "चित्रात बारकावे दाखवते." या ओळी पोरासमोर मोठ्याने वाचा. एखादी कळली नाही तर शिक्षकांना विचारा, हे तुम्हाला कधी दिसलं? शिक्षकाने उदाहरण सांगितलं तर घरी सांगायला तुमच्याकडे एक खरी गोष्ट आली.

श्रेणी खाली आली असेल तर त्या दिवशी तिच्यावर भाषण नको. ती त्यालाही वाचता येते.

शिष्यवृत्तीत नंबर आला. चौकात फ्लेक्स लावावा का?

तुमची हौस असेल तर लावा. आपल्याकडे जाहीर कौतुकाची मोठी परंपरा आहे. शेजारच्या सातारा जिल्ह्यातल्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन कऱ्हाडला उतरले, तेव्हा शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली होती. गावाला अभिमान वाटला, गावाने तो गावाच्या पद्धतीने दाखवला.

मला खटकतो तो फ्लेक्सवरचा क्रम. मुलाचा फोटो पासपोर्ट साइझ, आणि शुभेच्छुकांचे मोठे, गॉगलसकट. शिष्यवृत्तीच्या दीडशे-दीडशे गुणांच्या दोन पेपरांसाठी पोरगं वर्षभर सकाळी उठलं, ते कोपऱ्यात. दुसरं म्हणजे, लावण्याआधी त्याला विचारा. काही पोरांना त्या चौकातून शाळेत जायची लाज वाटते, कारण बरोबरच्या मित्राचा नंबर गेलेला असतो.

आणि फ्लेक्स लावला म्हणजे घरातलं कौतुक झालं असं समजू नका. फ्लेक्स गाव वाचतं.

व्हॉट्सअॅपच्या स्टेटसवर टाकलं तर?

आजी-आजोबा, मामा-मावशी यांच्यासाठी टाकलं तर त्यात आनंदच आहे. तीन गोष्टी बघा. शाळेचं नाव, गणवेशावरचा बिल्ला, ओळखपत्र फोटोत येऊ देऊ नका. आंघोळीचे, रडतानाचे फोटो नकोत. पोरगं मोठं झाल्यावर वर्गातली पोरं तेच उकरून काढतात. आणि कळत्या वयाच्या मुलाला आधी दाखवा. "नको" म्हणाला तर नको. त्याच्या कौतुकाच्या कामात त्याचंच मत डावललं तर ते कौतुक कुणाचं, असा प्रश्न पडतो.

"पहिला आलास तर मोबाईल घेतो" हे चालतं का?

चालतं तसं एकदा, दुसऱ्या वर्षी मॉडेल वाढवावं लागतं.

यावरही जुना अभ्यास आहे. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी तो १९७३ मध्ये प्रसिद्ध केला. स्केचपेनने चित्रं काढायला मुळातच आवडणारी बालवाडीतली मुलं त्यांनी निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्रक मिळेल. काहींना चित्र काढून झाल्यावर अचानक दिलं, आणि काहींना काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळेत बघितलं तर आधी कबूल करून बक्षीस दिलेली मुलं चित्रांकडे इतरांच्या निम्माच वेळ फिरकत होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांवर तसा परिणाम दिसला नाही.

यातून मी एवढंच घेते की पोराला जे आपणहून आवडतं, त्यावर सौदा लावू नये. पेटी वाजवायला आवडते, तर "दहा राग बसव, मग सायकल" असं करू नका. न आवडणारं काम असेल, पाढे असतील, तर छोटंसं आमिष दाखवून सुरुवात करायला माझी हरकत नाही. आणि काम झाल्यावर अचानक "चल, भडंग खाऊन येऊ" म्हणणं केव्हाही चांगलं. त्यात सौदा नाही, सोबत आहे.

दोन भावंडं आहेत. एक सगळ्यात पुढे, दुसऱ्याचं काय कौतुक करू तेच कळत नाही.

एकीचं कौतुक करताना दुसऱ्याचं नाव त्या वाक्यात येऊ देऊ नका. "ताई बघ कशी" हे कौतुक नाही, त्यात ताईचाही तोटा आहे. भाऊ तिच्यावर खार खाऊन बसतो, आणि तिला कायम पुढे राहावं लागतं.

दुसऱ्याचं काय करू, याचं उत्तर बहुतेक वेळा असं असतं की तुम्ही त्याला अजून पुरतं बघितलेलं नाही. आठवडाभर वही ठेवा. रोज रात्री त्याच्याबद्दल एक ओळ, आज काय नवीन दिसलं. पहिले दोन दिवस काही सुचणार नाही. ज्यांनी केलं त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना आठवड्याच्या शेवटी एक ओळ पुरेना.

शेजारच्या पोराशी तुलना केल्याने ईर्ष्या येते, अभ्यास वाढतो, असं आमच्या घरच्यांना वाटतं.

ईर्ष्या येते. अभ्यास वाढल्याचं मी पाहिलेलं नाही.

बाळ वर्षाचं झालं, अजून चालत नाही. नणंदेचं नवव्या महिन्यात चाललं होतं. काळजी करू का?

नणंदेच्या बाळाचं कौतुक आहेच. पण जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास पाहा. भारतासह पाच देशांतल्या निरोगी बाळांवर तो झाला होता. आधाराशिवाय चालायची वेळ त्यात ८.२ महिन्यांपासून १७.६ महिन्यांपर्यंत पसरलेली आहे. आधाराशिवाय बसणं ३.८ ते ९.२ महिने. सुमारे चार टक्के बाळांनी तर हात-गुडघ्यांवर रांगणं गाळूनच टाकलं. तेव्हा बारा महिन्यांचं बाळ धरून-धरून उभं राहत असेल, तर आज ते पलंगाच्या कडेने चार पावलं सरकलं याचंच कौतुक करा.

मात्र बाळ अठरा महिन्यांचं होऊनही चालत नसेल, हाकेला वळून बघत नसेल, आधी येत असलेली गोष्ट विसरत असेल, तर "घरात सगळेच उशिरा बोलले" असं म्हणून थांबू नका. अंगणवाडी सेविकेला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची मोफत तपासणी होते. पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. गरज असेल तर तिथून पुढे पाठवतात. तपासून घेण्यात बाळाचा काही कमीपणा नाही.

माझा मुलगा दिव्यांग आहे. त्याच्या वयाची मुलं सायकल चालवतात, तो आता कुठे स्वतः बटण लावायला शिकला. लोकांना सांगताना संकोच वाटतो.

दादा, एक बटण लावायला त्याने किती महिने घेतले असतील ते तुम्हालाच माहीत, आणि म्हणून त्याचा अभिमान वाटायचा पहिला हक्क तुमचा. लोकांना सांगा. "आमच्या पोरानं आज वरची दोन बटणं स्वतः लावली" असं साध्या आवाजात सांगितलं की ऐकणाराही साध्या आवाजात "अरे वा" म्हणतो. संकोचून सांगितलं की त्याला दया येते, आणि ती पोराच्या वाट्याला येते.

त्याची तारीख लिहून ठेवा. मागच्या दिवाळीत काय येत होतं आणि या दिवाळीत काय येतं, तेवढंच मोजा.

मी गलाईच्या (सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायच्या) धंद्यात कोईमतूरला असतो. पोरं विट्याला आजीकडे. वर्षातून दोनदा येतो. फोनवर कौतुक कसं करणार?

खानापूर, आटपाडी भागातल्या कितीतरी घरांचा हा प्रश्न आहे. सोन्या-चांदीची गलाई करायला बाप देशभर गेलेले, आणि यात्रेला, दिवाळीला घरी.

फोनवर दोनच प्रश्न विचारले जातात, "अभ्यास करतोस का?" आणि "आजीला त्रास देत नाहीस ना?" दोन्हींचं उत्तर ठरलेलं. पोरगं हो म्हणतं, फोन आजीकडे देतं. त्याऐवजी आधी आजीशी बोला. या आठवड्यात त्याने काय केलं, एकच गोष्ट नीट विचारून घ्या. मग त्याला म्हणा, "म्हशीला रेडकू झालं त्या रात्री तू कंदील धरून उभा होतास म्हणे. भ्यालास का?" बघा कसा बोलतो ते. बापाला एवढ्या लांबून हे कळलं, यातच त्याला पाहिजे ते मिळतं.

मागच्या वेळचं लक्षात ठेवा आणि पुढच्या फोनला त्याचं काय झालं ते विचारा. गावी आलात की खाऊ-कपड्यांची पिशवी बाजूला ठेवा आणि आधी त्याला म्हणा, मला ते रेडकू दाखव.

आजी म्हणते, पोराचं फार कौतुक केलं की दृष्ट लागते.

आजीला मीठ-मोहरी ओवाळू द्या. पोरांना ते आवडतं, आपल्याभोवती कुणीतरी काळजीने हात फिरवतंय हे कळतं. मोहरी तडतडली की "बघ किती लागली होती" म्हणून हसणं, हेही कौतुकच आहे की! दृष्ट काढली म्हणून बोलायचं राहू नये, एवढंच.

घरकाम केलं तर त्याचंही कौतुक? ते तर करायलाच पाहिजे.

करायलाच पाहिजे, बरोबर. तुम्हीही रोजचं काम करता, आणि कुणी म्हणालं नाही तर तुम्हालाही लागतं. मग पोराला का नाही लागणार?

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले इथे रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढे "कमवा आणि शिका" ही गोष्ट महाराष्ट्राला दिली. त्यांचं मूळ गाव आपल्याच वाळवा तालुक्यातलं ऐतवडे बुद्रुक. वसतिगृहातली मुलं स्वतः रांधायची, शेतात राबायची. श्रमाला प्रतिष्ठा द्यायची तर ते काम कुणाच्या तरी डोळ्यांत भरायला हवं. "तू अंगण झाडलंस म्हणून आज पाहुणे येईपर्यंत मला भाकरी करायला वेळ मिळाला." हे आभारही आहेत आणि कौतुकही.

हे मुलीला जेवढं म्हणता तेवढं मुलालाही म्हणा. उलट्या बाजूनेही घरात जरा बघा: मुलाने ताट उचललं की सगळ्यांना कळतं, मुलगी रोज दहा ताटं उचलते ते दिसतच नाही.

गॅदरिंगमध्ये मुलगी वाक्य विसरली आणि रडत आत गेली. "छान केलंस" म्हणू का?

नको. छान झालं नाही हे तिला माहीत आहे. तुम्ही छान म्हणालात की तुमच्या पुढच्या सगळ्या "छान"वर तिचा विश्वास उडेल.

जवळ घ्या. रडू द्या. खरं असेल ते सांगा: "वाक्य विसरेपर्यंतचं पहिलं पान तू खणखणीत म्हटलंस, मागे बसून मला ऐकू आलं." ते खरं नसेल तर तेही म्हणू नका, नुसतं घरी घेऊन जा. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीतच सीतास्वयंवर रंगमंचावर आणलं, तेव्हापासून या गावाने वाक्य विसरणारे किती नट पाहिले असतील, हे तिला हसू आल्यावर सांगायला ठेवा. पुढच्या वर्षी भाग घेतला, तर खरं कौतुक तेव्हाचं आहे. मग भूमिका झाडाची का असेना.

पोरीला स्मृती मानधना व्हायचंय. आम्ही किती मनावर घ्यावं?

सांगलीत हा प्रश्न हमखास येतो, आणि २०२५ चा विश्वचषक जिंकल्यापासून तर फारच. स्मृती लहानपणापासून सांगलीच्या माधवनगरची. भाऊ क्रिकेटच्या सरावाला जायचा, त्याच्यामागे तीही मैदानावर जायला लागली. नऊ वर्षांची असताना ती महाराष्ट्राच्या १५ वर्षांखालील मुलींच्या संघात होती, आणि २०१३ मध्ये गुजरातविरुद्ध १९ वर्षांखालील एकदिवसीय सामन्यात तिने नाबाद २२४ धावा केल्या. या सगळ्याच्या सुरुवातीला काय होतं? घरच्यांनी मुलीलाही मैदानावर येऊ दिलं.

तुम्हीही येऊ द्या. सराव बघायला जा, पण तारेबाहेरून सूचना देऊ नका, त्यासाठी प्रशिक्षक आहेत. घरी येताना गाडीवर "आज आऊट कशी झालीस" हा पहिला प्रश्न नको. आणि दोन वर्षांनी तिला क्रिकेट सोडून तबला शिकावासा वाटला, तर "एवढा खर्च केला" हे वाक्य तोंडात येईल, ते गिळा. कोवळ्या उन्हात किट उचलून ती रोज स्वतः उठायची ते वाया गेलेलं नसतं.

मुलगा नववीत आहे. कौतुक केलं की "बास की आता" म्हणून खोलीत जातो.

जाऊ द्या. आवडलेलं असतं. या वयात चार लोकांत बोलू नका, लांबण लावू नका, मिठी मारायला जाऊ नका. गाडीवर मागे बसलेला असताना, तोंड समोर ठेवून एक वाक्य: "काल आजोबांना दवाखान्यात तू एकट्यानं नेलंस, मला निर्धास्त वाटलं." आणि लगेच दुसरा विषय काढा.

त्याच्यावर विश्वास टाकणं हे या वयातलं मोठं कौतुक. बँकेत चेक भरायला पाठवा, मोटर चालू-बंद करायची जबाबदारी द्या, घरात काही घ्यायचं तर त्याचं मत विचारा. आणि विचारलंत तर निदान एकदा त्याच्या मताप्रमाणे करा.

माझ्या वडिलांनी मला कधी चांगलं म्हटलं नाही. आता माझ्या पोराला म्हणायला गेलो की शब्दच निघत नाही. काय करू?

असं सांगणारे बाप बरेच असतात, बहुधा सगळे गेल्यावर, चप्पल घालता घालता.

तोंडाने येत नसेल तर लिहा. डब्याच्या झाकणाखाली चिठ्ठी ठेवा, दोन ओळींची. "काल तू बहिणीला सायकल शिकवताना एकदाही ओरडला नाहीस. मी खिडकीतनं बघत होतो." सही करा, पप्पा. अक्षर कसंही असू दे. तो त्याबद्दल एक शब्दही बोलणार नाही, कदाचित चिठ्ठी परतही आणणार नाही. तुम्ही विचारू नका. आठवड्याने दुसरी लिहा.